मिश्रीला आपण व्यसन का धरत नाही?

माणदेशी_माती

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामाची देखरेख करते. व्यसनमुक्तीवर इथे आधी बरेच धागे निघालेत. दारूवर आहेत, गुटख्यावर आहेत, मध्यंतरी शाळकरी पोरांच्या व्हेपवरही चांगली चर्चा झाली. मिश्रीवर (कोकणात आणि मुंबईत मशेरी म्हणतात) मात्र काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

आमच्याकडे तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरावा लागतो. बीपी, शुगर, कॅन्सर यांचा धोका कोणाला जास्त आहे ते त्यावरून काढतात. त्यात तंबाखूचा एक प्रश्न असतो. विडी-सिगारेट ओढता का, गुटखा-खैनीसारखं काही खाता का? बाई लगेच म्हणते, "छ्या, आमच्यात तसलं काही नाही." आशा 'नाही'वर खूण करते आणि पुढच्या प्रश्नाला जाते. त्याच घरात मोरीच्या कोनाड्यात मिश्रीची डबी असते. बाई खोटं बोललेली नसते. तिच्या लेखी ती दात घासायची वस्तू आहे, कोलगेटच्या शेजारी ठेवायची.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजतात. भाजताना असा खाट उठतो की लेकरं खोकत अंगणात पळतात. मग ती हाताने चुरून, कुटून, फडक्यातून गाळून डबीत भरतात. तर्जनीवर चिमूट घ्यायची आणि दातांवरून, हिरड्यांवरून, खालच्या ओठाच्या आत फिरवायची. बोट तोंडात, पाठ भिंतीला, आणि दहापंधरा मिनिटं निवांत बसायचं. पहाटे परसाकडला जायच्या आधी एकदा, दुपारी जेवणावर एकदा, रात्री भांडी झाली की एकदा. पुढे पुढे दळण टाकून आलं की, भांडण झालं की, पाहुणे गेले की. दात दिवसातून सहा वेळा कोण घासतं?

यावर आपल्याच राज्यात किती जुनं संशोधन आहे ते वाचून मी थक्क झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन गटाने, फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुणे जिल्ह्यात गावोगाव जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली होती. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे मुंबईत प्रकाश गुप्ता यांच्या गटाने मतदारयाद्या घेऊन घरोघरी ३५ वर्षांवरच्या ९९,५९८ जणांना विचारलं. त्यात ५७.५ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्या त्यात जवळपास नव्हत्याच, आणि सगळ्यात जास्त होती ती मशेरी. ही मुंबईची गोष्ट आहे बरं, माणदेशातल्या वाडीची नाही.

मला हलवून गेला तो मात्र २००४ सालचा अभ्यास. मुंबईतल्याच १,२१७ गरोदर बायकांचा. मशेरी किंवा बिनधुराची दुसरी तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मलेली. त्याच गटाच्या २००६ सालच्या लेखात पोटात बाळ दगावण्याचा धोका अडीच पटीहून जास्त आढळला. आम्ही गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देतो, वजन करतो, एचबी बघतो, अडीच किलोच्या आतलं बाळ झालं की धावपळ करतो. आणि मिश्री लावतेस का, हे तिला कोणी विचारतच नाही.

तुमच्या घरात, गावात मिश्री होती का? कोणी सोडली असेल तर कशी सोडली? काय सांगितल्यावर पटलं? कृपया सविस्तर लिहा. मला पुढच्या महिन्यात आशांच्या बैठकीत हा विषय मांडायचा आहे.


दंतवैद्य_कराड

फार गरजेचा धागा काढलात ताई. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या चाळिशीपुढच्या बायकांत मिश्रीवाल्या लगेच ओळखू येतात. समोरच्या दातांच्या मुळाशी काळपट-तपकिरी थर असतो, बोट जिथे रोज फिरतं तिथली हिरडी खाली सरकलेली असते, मुळं उघडी पडलेली असतात.

बहुतेकींची सुरुवात दाढदुखीपासून झालेली असते. दाढ ठणकली, सासूने किंवा शेजारणीने सांगितलं मिश्री दाब, आणि खरंच बरं वाटलं. निकोटिनमुळे आणि चोळण्यामुळे तात्पुरता बधिरपणा येतो, हे खोटं नाही. पण कीड आतून खात राहते आणि बाई माझ्याकडे येते ती दात हलायला लागल्यावर. म्हणून माझं आशाताईंना सांगणं असं असतं की मिश्री सोड म्हणायच्या आधी तिचा तो दुखरा दात दाखवून घ्या. दात ठणकतोय तोवर ती मिश्री सोडणार नाही, आणि का सोडावी?

आता कॅन्सरचं. चघळायची, लावायची तंबाखू, सगळीच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. मिश्रीत एक जास्तीची भर आहे. पान भाजून कोळसा केलं की धुरात असतात तसले घातक पदार्थ त्यात तयार होतात. म्हणजे न ओढताही धुरातला काही भाग हिरडीला लागतो. "भाजल्यावर त्यातलं विष जळून जातं" असं गावोगाव ऐकायला मिळतं. ते साफ उलटं आहे.

घरी काय बघायचं ते लिहून ठेवा. उजेडात आरशासमोर उभं राहायचं, ओठ उलटा करायचा, गाल बोटाने ताणायचा, जीभ दोन्ही बाजूंना वळवायची. पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला तर दाखवायचं. लाल मखमलीसारखा चट्टा त्याहून धोक्याचा असतो. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, दुखत नसली तरी, दाखवायचीच. दुखत नाही म्हणून बायका थांबतात, आणि सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर तेही दाखवायचं. हे शेवटचं लक्षण सुपारी खाणाऱ्यांत जास्त आढळतं.

प्रत्येक पांढऱ्या चट्ट्याचा कॅन्सर होत नाही, त्यामुळे घाबरून घरात बसू नका. पण कोणत्या चट्ट्याचा होईल हे नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो.


आबासाहेब_वाई

चर्चा वाचली. माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा.

माझी आजी नव्वदीत गेली. जन्मभर मिश्री लावली. शेवटपर्यंत तिचे स्वतःचे दात होते आणि भाकरी मोडून खायची. तिच्या बरोबरीच्या सगळ्या म्हाताऱ्या लावायच्या, कुणाला कॅन्सर झाल्याचं ऐकिवात नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ती बाई पहाटे चारला उठायची. जात्यावरचं दळण, पाणी, शेण, भाकऱ्या, शेतातली खुरपणी. दिवसभरात तिला कोणी "बस जरा" म्हणत नव्हतं. मिश्रीची दहा मिनिटं तेवढी तिची होती. बोट तोंडात असलं की तिला कोणी हाक मारत नसे, कारण ती बोलू शकत नव्हती. आज शिकलेली माणसं येऊन तिची तेवढीही गोष्ट काढून घेणार असतील तर बदल्यात तिला काय देणार?

पुरुषांची दारू गावं उद्ध्वस्त करतेय. ते सोडून म्हातारीच्या डबीमागे लागणं मला बरोबर वाटत नाही.


माणदेशी_माती

आबासाहेब, राग कसला. त्या दहा मिनिटांबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. तेवढंच समजून न घेतल्यामुळे आमची पोस्टरं भिंतीवर राहतात आणि डबी कोनाड्यात राहते.

पण आजीचं उदाहरण घेऊन निष्कर्ष काढू नका, ही हात जोडून विनंती. ज्या नव्वदीपर्यंत पोचल्या त्या आपल्याला दिसल्या. ज्या पंचेचाळिसाव्या वर्षी "तोंडाला काहीतरी झालं" म्हणून गेल्या, त्यांच्या आजाराचं नावही घरात कोणी घेतलं नाही. जी बाळंतपणं वाया गेली ती तर कोणी मोजलीही नाहीत, "नशिबात नव्हतं" म्हणून पुरली. लाखालाखाची तोंडं तपासावी लागतात ती याचसाठी. एका घरातून हे दिसत नाही.

आणि मी म्हातारीच्या डबीमागे नाहीच. ऐंशी वर्षांच्या आजीला मी काही म्हणत नाही, फक्त तोंड तपासून घ्या म्हणते. मला काळजी आहे तिच्या नातसुनेची. ती बावीस-तेवीस वर्षांची, पोटुशी, माहेरी ब्रश करत होती आणि सासरी येऊन मिश्री शिकली. मळमळ थांबते म्हणून सासूने दिली. मळमळीवर दिलेली मिश्री मूल झाल्यावर सुटत नाही, अंगावर पाजतानाही चालू राहते आणि निकोटिन दुधातून बाळाकडे जातं.

दारूशी तुलना नको. दारू पिणारा रस्त्यात पडतो, म्हणून गावाला त्रास होतो, म्हणून सभा होते. मिश्रीचा त्रास फक्त लावणारीला आणि तिच्या पोटातल्याला होतो. त्यांच्यासाठी सभा कोण घेणार?


कोयनाकाठची

मी लावत होते. पाटण भागातली आहे, आता मुलाकडे पुण्यात असते. सून टाइप करून देतेय.

लहानपणी आजी मिश्री भाजायची तेव्हा तवा धरायला आम्ही पोरी. उरलेली तव्यावरची बोटाने पुसून दाताला लावायचो, चक्कर यायची आणि हसायचो. नेमानं सुरू झाली ती पहिल्या बाळंतपणानंतर. पोट साफ होईना. जाऊबाई म्हणाल्या लाव चिमूटभर. लावली की पाच मिनिटांत कळ यायची. त्या दिवसापासून मिश्रीशिवाय सकाळ झाली नाही. लग्नाला, जत्रेला गेलं तरी कमरेला डबी. एकदा एसटीत डबी पडली तर जीव कासावीस झाला, स्टॅंडवर उतरून आधी तंबाखू घेतली. व्यसन म्हणजे अजून काय असतं?

ओठाच्या आत पांढरं दिसलं म्हणून मुलाने मोठ्या दवाखान्यात नेलं. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. पण तिथला एक तरुण डॉक्टर माझ्या तोंडाकडे न बघता मुलाला म्हणाला, "गावठी लोक, सांगून उपयोग नाही." मला इतकं लागलं की मी महिनाभर आणखीच लावली. सांगायचं हे की बाईला लाज वाटेल असं बोलून काही सुटत नाही.

सुटली ती दुसऱ्या एका बाईंमुळे. समुपदेशक होत्या. त्यांनी सोड म्हटलंच नाही आधी. दिवसातून कधी कधी लावता ते सांगा म्हणाल्या. मग दुपारची सोडायला सांगितली, ती सोपी होती. त्या वेळी बडीशेप-ओवा भाजून ठेवला. मग रात्रीची. सकाळची सगळ्यात शेवटी. त्यासाठी रात्री भिजवलेल्या मनुका, सकाळी उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, आणि डॉक्टरांनी काही दिवस पोटाचं औषध दिलं. पहिले चार दिवस डोकं धरलं, सुनेवर खेकसले, झोप लागेना. तिसरा दिवस फार वाईट. पण नंतर उतरत गेलं. पोट काही आठवड्यांत आपोआप वळणावर आलं. मला वाटायचं ते आता मरेपर्यंत मिश्रीशिवाय चालणारच नाही.

आबासाहेब म्हणतात ते बसणं मला अजून लागतं. मी बसतेच. दुपारी गॅलरीत बसते, तोंडात ओवा, आणि कुणाला हाक मारू देत नाही.


औषधवाला

काकू, तुम्ही लिहिलंत ते औषधशास्त्राच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळतं. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवतं, त्यामुळे कळ येते. बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होते, चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं, भूक वाढणं हेही होतं. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत टोकाला जातो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. सोडणारीला हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे. नाहीतर तिसऱ्या दिवशी तिला वाटतं की मिश्री सोडल्याने आजारी पडले, आणि घरचेही म्हणतात दे बाई हिला.

ज्यांना नुसतं कमी करून जमत नाही त्यांच्यासाठी निकोटिनची च्युइंगम असते. दोन मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवायही मिळते. पण ती साध्या गमसारखी चघळायची नाही, इथेच बहुतेकांचं चुकतं. हळू चावायची, तिखट-झिणझिणी चव आली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चव गेली की पुन्हा थोडी चावायची. भराभर चावून रस गिळला तर उचकी लागते, मळमळतं, आणि निकोटिन हवं तिथून शोषलं जात नाही. चहा-कॉफी घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबावं. मिश्रीवाल्या बायकांना गाल-हिरडीत काही धरून ठेवायची सवय असतेच, त्यामुळे त्यांना ही पद्धत पुरुषांपेक्षा लवकर जमते असा माझा काउंटरवरचा अनुभव आहे. कवळी असेल तर मात्र गम चिकटते. गरोदर बाईने, हृदयरोग असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणात आधी समुपदेशनावरच भर देतात.

१८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन नंबर आहे. तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो.


माणदेशी_माती

पाकिटांवर! बरोबर तिथेच मेख आहे, भाऊ. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर तो चित्रातला इशारा आणि तो नंबर असतो. आमच्या बायका आठवडी बाजारातून सुटं पान तोलून आणतात, वर्तमानपत्रात बांधून. ना चित्र, ना नंबर, ना इशारा. सरकारचा सगळा इशारा पाकिटावर आणि यांच्या हातात पाकीटच नाही.


लालबाग_परळ

आमची मशेरी सिंधुदुर्गातून मुंबईला आली. वडील गिरणीत, आई घरी, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही. संप झाल्यावर आईने खानावळ चालवली. पहाटे डबे भरायच्या आधी ती मोरीत बसून मशेरी लावायची, आणि गॅलरीतल्या सगळ्या बायकांची तीच वेळ. त्यामुळे ताईंनी दिलेला ५७ टक्क्यांचा आकडा मला जास्त वाटला नाही. आमच्या मजल्यावर न लावणारी बाई शोधावी लागली असती. मशेरीची देवाणघेवाण हीच त्यांची ओळखपाळख होती. नवी बिऱ्हाडकरीण आली की आधी मशेरी पुढे व्हायची, मग नाव विचारलं जायचं.

माझा प्रश्न डॉक्टरांना. आई आता अडुसष्ट वर्षांची आहे. चट्टा वगैरे नाही, मी कालच टॉर्च लावून बघितलं. या वयात सोडून काही फायदा आहे का? की आबासाहेब म्हणतात तसं राहू द्यावं?


दंतवैद्य_कराड

फायदा आहे, आणि हे माझं नुसतं मत नाही. मेहता-गुप्ता यांच्याच गटाने १९७७ पासून केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या गावांतल्या ३६,००० तंबाखू घेणाऱ्यांना वर्षानुवर्षं भेटून, समजावून, तोंडं तपासून पाहिली. १९८६ साली त्यावरचा लेख आला. ज्यांनी सोडली त्यांच्यात पांढरे चट्टे नव्याने होण्याचं प्रमाण घटलं. नुसत्या समजावण्याने हे झालं, औषधाशिवाय. मला तर हा आपल्या देशातल्या सार्वजनिक आरोग्याच्या कामातला फार मोठा पुरावा वाटतो, आणि दंतमहाविद्यालयाबाहेर तो फारसा कुणाला माहीत नाही.

दुसरा अभ्यास तिरुअनंतपुरम जिल्ह्यातला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसतं डोळ्यांनी तोंड तपासलं. २००५ साली निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. तपासणारे डॉक्टर नव्हते हे लक्षात घ्या.

आईंना सोडायला सांगाच, पण न सोडल्या तरी वर्षातून एकदा तोंड दाखवून आणा. टॉर्च लावून पाहिलंत हे उत्तम. फक्त जिभेखाली आणि जिभेच्या मागच्या कडा पाहायच्या राहून जातात, त्या पुन्हा बघा.


वऱ्हाडी_सून

माहेर साताऱ्याचं, सासर गडचिरोली जिल्ह्यात. म्हणून दोन्हीकडचं सांगू शकते.

इकडे मिश्री कमी, खर्रा जास्त. तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घासतात, पानठेल्यावर दिवसभर तो घासायचा आवाज चालू असतो. माणसं खातात, बायका खातात, शाळेतली पोरं खातात. पाहुणा आला की चहाआधी खर्रा. छत्तीसगडच्या बाजूला गुडाखूही चालतो, तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा, तोही दाताला लावायचा. म्हणजे नाव वेगळं, पण दाताच्या निमित्ताने तंबाखू घरात शिरते ते तसंच.

इथे एक फरक मात्र मला जाणवतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तीही लोकांच्या चळवळीतून आलेली, आणि २०१६ पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्ती उपक्रमाचं काम दारू आणि तंबाखू दोन्हींवर एकत्र चालतं. गावसभेत बायका उठून खर्र्याबद्दल बोलतात, पानठेलेवाल्याला समजावतात. सगळं सुटलं असं अजिबात नाही. पण खर्रा हे व्यसन आहे यावर इथे कोणी वाद घालत नाही. माहेरी गेले की आई अजून म्हणते, "मिश्रीला व्यसन म्हणतीस होय गं?"


आबासाहेब_वाई

कोयनाकाठच्या बाईंचं वाचून गलबललो. "गावठी लोक" हे वाक्य कोणत्याही डॉक्टरच्या तोंडी शोभत नाही.

मला एक समजत नाही. गुटख्यावर बंदी आहे ना २०१२ पासून? मग तंबाखू बाजारात कशी?


नियमबियम

आबासाहेब, ती बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे. खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन मिसळायचं नाही असा २०११ चा नियम आहे, त्याच्या आधारे गुटखा बंद झाला. नुसत्या तंबाखूच्या पानाला तो लागू होत नाही. त्याआधी २००२ सालीही राज्याने गुटखाबंदी केली होती, पण ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.

मिश्रीच्या जास्त जवळचा नियम वेगळाच आहे आणि तो जुना आहे. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला मनाई केली. म्हणजे दात घासायची वस्तू म्हणून तंबाखू विकणं तेव्हापासून बेकायदा आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पानाला कायदा कसा पोचणार? तिथे आशाताईच पोचू शकते.


निपाणीकर

तंबाखू पिकवणाऱ्याच्या घरातला आहे, म्हणून दोन शब्द. आमच्या पट्ट्यातलं पीक मुख्यतः विडीचं. १९८१ साली भावासाठी शरद जोशींबरोबर आमच्या वडीलधाऱ्यांनी हमरस्ता अडवला होता, गोळीबारात माणसं गेली. त्यामुळे तंबाखू वाईट म्हटलं की घरात आजही आवाज चढतात. पण वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या अंगाला, केसांना, लुगड्याला तंबाखूचाच वास असायचा, आणि कामाच्या पाळीत जरा बसल्या की मिश्री. त्यातल्या कितीजणींना कोणी कधी तपासलं असेल? हा धागा मी बायकोला वाचून दाखवला. तिचं माहेर वखारवाल्यांचं. तिने ओठ उलटा करून आरशात बघितलं.


आशा_ताई_खटाव

मी आशा आहे. माणदेशी ताई माझ्या गटप्रवर्तक नाहीत, पण काम एकच.

फॉर्मवरचा प्रश्न मी कधीपासून जशाच्या तसा विचारत नाही. "तंबाखू खाता का" म्हटलं की बाईचा चेहरा बंद होतो, शेजारी सासरा बसलेला असतो. मी विचारते, "दाताला काय लावता, ब्रश की मिश्री?" त्यात ओशाळं होण्यासारखं काही नसतं, बाई पटकन सांगते. मग, "दिवसातून कितीदा?" आणि मग, "नाही लावली तर काय होतं?" या तिसऱ्या प्रश्नाला सगळं बाहेर येतं. डोकं धरतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. मग मी फॉर्मवर रोजचा वापर म्हणून लिहिते.

गरोदर बाईला एकटीला सांगून उपयोग होत नाही, सासूला सोबत बसवावं लागतं. सासूला मी म्हणते, "तुमच्या नातवाचं वजन वाढायला पाहिजे ना?" कॅन्सरचं नाव काढलं की सासू म्हणते मला कुठं झाला. नातवाच्या वजनावर मात्र ती ऐकते. एका सासूने सुनेबरोबर स्वतःचीही दुपारची बंद केली.

तिसरं असं की मळमळ होते तेव्हाच पोचायला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. आपण नोंदणी करतो तेव्हा बऱ्याचदा मिश्री आधीच सुरू झालेली असते. म्हणून मी नवी नवरी आली की पहिल्या भेटीतच विचारून ठेवते.


माणदेशी_माती

खटावच्या ताई, तुमचे तीन प्रश्न मी जसेच्या तसे बैठकीत घेते, तुमची हरकत नसेल तर.

आत्तापर्यंतच्या चर्चेतून बैठकीसाठी मी हे घेतलंय. दुखऱ्या दाताची सोय आधी. पोटाचं औषध आणि पाणी सोबतच, नाहीतर तिसऱ्या दिवशी डबी परत येते. दुपारची आधी, सकाळची शेवटी. सासूला सोबत बसवायचं. आणि तोंड तपासणी. आशांनी टॉर्च घेऊन ओठ उलटा करून बघायला शिकायला हवं, यासाठी मी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलणार आहे.

२०१६-१७ च्या देशपातळीवरच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. सिनेमा सुरू व्हायच्या आधी आपण पडद्यावर जळती सिगारेट बघतो, आणि २०१३ पर्यंत भुसावळचा मुकेशही बघायचो. मुकेश हराणे गुटख्याने चोविसाव्या वर्षी गेला, त्याची जाहिरात बघून कितीतरी पोरं सावध झाली असतील. मला तशी एखादी मिश्रीवरची जाहिरात हवी आहे, आमच्या बोलीत, आकाशवाणीवर सकाळी सहाला लागणारी. कुणाची ओळख असेल तर कळवा.


कोयनाकाठची

बोलायला कुणी पाहिजे असेल तर मी बोलेन. नाव सांगायला माझी हरकत नाही. सुनेच्या खात्यावर निरोप टाका.


दंतवैद्य_कराड

ताई, आशांना तोंड तपासणी शिकवायला मी येतो. महिन्याचा दुसरा शनिवार मला मोकळा असतो. येताना दात-हिरड्यांचे नमुने आणि छोटे आरसे घेऊन येईन. साधारण किती जणी असतील तेवढं कळवा, म्हणजे तेवढे आरसे आणता येतील.


माणदेशी_माती

पंचवीस धरा डॉक्टर. व्यक्तिगत निरोपात माझा नंबर पाठवलाय.